कॅम सेन्सर दोनदा बदलूनही इंजिनचा दिवा का लागतो?

प्रश्न थोडक्यात असा: २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, टायमिंग चेनचं इंजिन, ९६ हजार किलोमीटर झालेले. सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो, पिकअप कमी झालाय, इंजिनचा पिवळा दिवा लागलाय. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०३४१ हा बिघाडाचा कोड आला म्हणून कॅम सेन्सर बदलला. आठ दिवसांत दिवा परत. मग ‘पहिला पार्ट लोकल लागला’ म्हणून दुसरा बसवला. आता पी०३४१च्या जोडीला पी००१६ सुद्धा दिसतो. तिसरा सेन्सर कंपनीचा टाकावा का, आणि मुळात हा सेन्सर करतो काय, असं विचारलंय.

तिसरा टाकू नका. चूक पहिल्याच दिवशी झाली: कोडात सेन्सरचं नाव आलं म्हणून सेन्सर खराब, असं धरलं गेलं. पी०३४१ म्हणजे ‘सेन्सर मेला’ नव्हे. ‘या सेन्सरकडून येणारी खबर माझ्या हिशोबात बसत नाही’, एवढंच ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, म्हणतोय. खबर खोटी असेल, किंवा खबर खरी असेल आणि इंजिनातच काही सरकलं असेल. तुमच्या गाडीत मला दुसरी शक्यता जास्त वाटते. का वाटते, ते कळायला तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो.

मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला काम शिकलो ते कार्बोरेटरच्या गाड्यांवर. हेड उतरवून परत बसवलं की डिस्ट्रिब्युटर (पाळीपाळीने प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा पार्ट) लावायच्या आधी वस्ताद पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायला लावायचे, त्या भोकावर अंगठा दाबून धरायला सांगायचे आणि स्वतः पाना लावून क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, फिरवायचे. आतल्या दाबाने अंगठा उडाला की समजायचं, पिस्टन दाबाच्या स्ट्रोकवर वर येतोय. मग पुलीची खूण जुळवायची आणि तेव्हाच डिस्ट्रिब्युटर खाली सोडायचा. एकदा घाईत मी अंगठा न लावता नुसती पुलीची खूण बघून बसवला. सेल्फ मारल्याबरोबर कार्बोरेटरमधून फाडकन आवाज आणि आगीची जीभ बाहेर. वस्तादांनी नुसतं बघितलं. खूण बरोबर होती, फेरी चुकीची होती.

चार स्ट्रोकच्या इंजिनात एक चक्र पुरं व्हायला क्रँक दोनदा फिरतो, म्हणजे ७२० अंश. तेवढ्यात कॅम, म्हणजे टायमिंग चेनने क्रँकला जोडलेला व्हॉल्व्हचा दांडा, एकदाच फिरतो, कारण कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा दुप्पट दात असतात. या दोन फेऱ्यांत पहिला पिस्टन दोनदा वर येतो. एकदा हवा-पेट्रोल दाबत येतो, तेव्हा ठिणगी हवी. दुसऱ्यांदा जळलेला धूर बाहेर ढकलत येतो, तेव्हा ठिणगी पडून उपयोग नाही. क्रँककडे बघून या दोन वेळा वेगळ्या ओळखताच येत नाहीत. पुली दोन्ही वेळा तीच खूण दाखवते. फरक आहे तो व्हॉल्व्हमध्ये, आणि व्हॉल्व्ह हलवतो कॅम. वस्तादांनी माझ्याकडून लावून घेतलेला अंगठा आज सेन्सर होऊन कॅमशेजारी बसलाय, एवढीच या पार्टची गोष्ट.

प्रीमियर पद्मिनी काय, कार्बोरेटरची मारुती ८०० काय, त्यांत हा सेन्सर नव्हता, कारण डिस्ट्रिब्युटरचा रोटर कॅमच्याच वेगाने फिरायचा. एकदा बरोबर बसवला की फेरी चुकायची सोयच नव्हती. डिस्ट्रिब्युटर गेला, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आली, आणि ‘ही फेरी कुठली’ हे ईसीयूला कुणीतरी सांगायची वेळ आली.

आमच्या गॅरेजवर वरच्या मजल्याला तबल्याचा क्लास चालायचा, त्यामुळे नवीन पोरांना समजावताना मी तीनताल वापरतो. सोळा मात्रा, पहिलीवर सम, नववीवर खाली. नुसत्या मात्रा मोजणारा माणूस मधेच येऊन बसला तर सम कुठली आणि खाली कुठली हे त्याला कळणार नाही. ते कळतं डग्ग्यावरून, कारण खालीच्या भागात डग्ग्याचा घुमार थांबतो. क्रँक सेन्सर मात्रा मोजतो, फार बारीक मोजतो. कॅम सेन्सर हा डग्गा.

किती बारीक, ते सांगतो. पुष्कळ गाड्यांत क्रँकवर ‘साठ वजा दोन’चं चाक असतं: साठ दातांची जागा, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. प्रत्येक दात सहा अंशांचा. गाळलेली जागा समोरून गेली की ईसीयूला फेरीची सुरुवात कळते, आणि पुढे दात मोजत, दोन दातांमधला वेळ वाटून घेत तो अंशाच्याही आतला हिशोब करतो. ३००० आरपीएमला क्रँकचा एक अंश सुमारे ५६ मायक्रोसेकंदांत उलटतो, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणं हे क्रँक सेन्सरचं काम. कॅमवरचं चाक त्यामानाने ओबडधोबड असतं. काही गाड्यांत नुसती अर्धी चकती: अर्धी फेरी लोखंड, अर्धी फेरी रिकामं. काहींत तीन-चार दात, पण प्रत्येकाची रुंदी वेगळी. चारच दात का आणि रुंदी वेगळी का, याचं उत्तर तुमच्या सकाळच्या लांब सेल्फमध्ये आहे.

सेल्फवर इंजिन साधारण २०० आरपीएमने फिरतं. म्हणजे क्रँकची एक फेरी ०.३ सेकंदाची आणि कॅमची ०.६ सेकंदाची. कॅमवर एकच खूण असेल तर ती समोर यायला कधीकधी अख्खी फेरी जाईल, तोवर ईसीयू नुसता वाट बघणार. वेगवेगळ्या रुंदीचे दात असले की पाव-अर्ध्या फेरीतच लांब दात गेला की आखूड यावरून जागा ओळखता येते आणि गाडी पटकन लागते. कॅमची खबरच आली नाही, किंवा आली पण क्रँकच्या मोजणीशी जुळली नाही, तर ईसीयू अंदाजावर येतो. काही गाड्यांत तो एक फेरी धरून पेट्रोल-ठिणगी देऊन बघतो. वेग वाढला तर ठीक, नाही वाढला तर ३६० अंश सरकवून परत प्रयत्न. काहींत दोन-दोन सिलिंडरला एकदम ठिणगी देतो, एक कामी येते, दुसरी वाया जाते. सेल्फ लांबतो तो या खटाटोपात.

आता सेन्सरच्या पोटात काय आहे ते. तुमच्या गाडीच्या काळातले बहुतेक कॅम सेन्सर हॉल इफेक्टचे, तीन वायरींचे. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यातून वीज सोडून त्यावर चुंबक धरला, तेव्हा पत्र्याच्या दोन्ही कडांमध्ये अगदी बारीक व्होल्टेज दिसलं. वाहणारी वीज चुंबकाने एका कडेला रेटली जात होती. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, म्हणजे नक्की काय रेटलं जातंय हे कळायच्या अठरा वर्षं आधी त्याने ते मोजलं होतं. (हे मी पोरांना सांगतो तेव्हा ती मोबाईल बघत असतात.)

आजच्या सेन्सरमध्ये सोन्याच्या पत्र्याच्या जागी सिलिकॉनची चिप असते आणि तिच्या पाठीमागे छोटा चुंबक. समोरून लोखंडाचा दात गेला की चुंबकाची शक्ती चिपमधून जास्त जाते, दात गेला की कमी होते. चिप ते बारीक व्होल्टेज मोठं करते, ठरावीक पातळीशी ताडून बघते आणि हो किंवा नाही असं स्वच्छ उत्तर देते. उत्तर देण्याची तऱ्हा मात्र नीट समजून घ्या, कारण अर्ध्या चुकीच्या तपासण्या इथे होतात. सेन्सर स्वतः पाच व्होल्ट बाहेर पाठवत नाही. सिग्नलच्या वायरवर व्होल्टेज ईसीयू आपल्या बाजूने टांगून ठेवतो, बहुतेक गाड्यांत पाच व्होल्ट. सेन्सर फक्त ती वायर ग्राउंडला खेचतो आणि सोडतो, विहिरीवरचा दोर ओढावा आणि सोडावा तसा. म्हणून कपलर (सेन्सरचा वायरीचा जोड) काढून, चावी चालू ठेवून, हार्नेसच्या म्हणजे गाडीच्या वायरींच्या बाजूला सिग्नलच्या पिनवर मीटर धरला तर तिथे व्होल्टेज दिसायलाच हवं. नसेल दिसत तर वायर तुटली आहे, कुठे ग्राउंडला लागली आहे, किंवा ईसीयूतच घोटाळा आहे. अशा वेळी जगातला सगळ्यात महाग सेन्सर आणून बसवला तरी गाडी तशीच राहणार.

जुन्या काही गाड्यांत कॉइलचा सेन्सर असतो, दोन वायरींचा: चुंबकाभोवती तारेची गुंडाळी. दात हलला की त्यात आपोआप एसी व्होल्टेज तयार होतं, बाहेरून वीज द्यावी लागत नाही. पण व्होल्टेज वेगावर अवलंबून, त्यामुळे सेल्फवर, बॅटरी उतरलेली असताना, सिग्नल अगदी बारीक येतो. शिवाय इंजिन थांबलेलं असेल तर तो काहीच सांगू शकत नाही. हॉलवाला मात्र चावी फिरवल्याबरोबर समोर दात आहे की खाच, हे बहुधा सांगतो. अलीकडच्या काही इंजिनांत मॅग्नेटो-रेझिस्टिव्ह चिप असते, चुंबकाने जिचा रोध बदलतो. गॅरेजच्या दृष्टीने तपासणी हॉलसारखीच.

कॅम आणि क्रँक सेन्सरच्या लक्षणांची लोक गल्लत करतात. चालत्या गाडीत क्रँक सेन्सर गेला तर बहुतेक वेळा इंजिन तिथेच बंद पडतं, कारण मात्राच थांबल्या. कॅम सेन्सर गेला तर पुष्कळ पेट्रोल गाड्या चालत राहतात: सम कुठे आहे हे ईसीयूने आधीच ऐकलेलं असतं, पुढे तो क्रँकवर मोजत जातो. दिवा लागतो, ताकद थोडी कमी होते, ॲव्हरेज पडतं. खरी कटकट गाडी बंद करून परत चालू करताना. कॉमन रेल डिझेलमध्ये प्रकरण जास्त कडक. तिथे इंजेक्शन चुकीच्या फेरीत गेलं तर नुकसान मोठं, म्हणून कॅमची खबर नसेल तर बऱ्याच डिझेल गाड्या लागतच नाहीत. उलट एका सिलिंडरच्या बऱ्याच बीएस-सहा मोटारसायकलींत कॅम सेन्सर नसतोच. एकच पिस्टन असल्याने हवा ओढताना मॅनिफोल्डमधला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीतला दाब स्पष्ट खाली जातो. तो दाब किंवा क्रँकच्या वेगातला चढउतार बघून ईसीयू फेरी ओळखतो. वस्तादांच्या अंगठ्याची हीच युक्ती, फक्त दुसऱ्या टोकाने.

तुमच्या गाडीत कॅम सेन्सरला आणखी एक काम आहे, आणि पी००१६ तिथूनच येतो. तुमच्या इंजिनात व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग असावं, त्या काळातल्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ते आलेलं होतं. यात कॅमच्या टोकाला एक फेजर असतो. ऑइलच्या दाबाने तो कॅमला चेनच्या चाकापासून काही अंश पुढे-मागे सरकवतो. किती सरकवायचं ते ईसीयू ठरवतो, सोलेनॉइडच्या (विजेवर उघडझाप होणाऱ्या) व्हॉल्व्हमधून ऑइल सोडतो, आणि कॅम खरंच तितका सरकला का हे बघायला कॅम सेन्सरच वापरतो. क्रँकच्या अमुक दाताला कॅमचा तमुक दात समोर यायला हवा, असं नातं त्याच्या डोक्यात पक्कं असतं. ते नातं ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर गेलं की पी००१६: क्रँक आणि कॅम जुळत नाहीत. वाद दोघांचा आहे. त्यात खबर आणणाऱ्याला दोनदा घराबाहेर काढून वाद कसा मिटेल?

९६ हजार किलोमीटरवर नातं बिघडायचं पहिलं कारण माझ्या मते चेन. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखं लांबत नाही. प्रत्येक कडीची पिन आणि बुश झिजून तिथे केसभर ढिलाई येते, आणि सगळ्या कड्यांची बेरीज होते. हिशोब करून बघा. चेनची एक कडी ८ मिलिमीटरची आणि कॅमच्या चाकाला ४० दात धरले तर चाकाचा घेर ३२० मिलिमीटर. ओढीच्या बाजूची चेन फक्त ३ मिलिमीटर वाढली तरी कॅम जवळपास साडेतीन अंश मागे राहतो, क्रँकच्या भाषेत पावणेसात अंश. टेन्शनर ढिली बाजू घट्ट करतो, त्यामुळे चेन वाजतही नाही, पण ओढीच्या बाजूची वाढ त्याला भरून काढता येत नाही. चेन एक दात उडाली असती तर याच चाकावर कॅमचे नऊ, म्हणजे क्रँकचे अठरा अंश चुकले असते आणि पिकअप नुसता कमी न होता गाडी अडखळत, थरथरत चालली असती. तुमची लक्षणं हळूहळू वाढलेली आहेत, म्हणून झीज.

चेनच्या मागोमाग ऑइल. ऑइल बदलायला उशीर, किंवा चुकीच्या ग्रेडचं, की त्याचा गाळ सोलेनॉइडच्या बारीक जाळीत बसतो. मग फेजर अडकतो, उशिरा परत येतो, आयडलला त्याने शून्यावर यायला हवं तिथे येत नाही. चेन झिजायलाही तेच ऑइल कारण. ही दोन्ही दुखणी एकाच घरातली, म्हणून एकाची तपासणी करताना दुसऱ्याची करायचीच.

क्रम कसा लावायचा ते सांगतो. सगळ्यात आधी बॅटरी. हसू नका. सेल्फ मारताना बॅटरी नऊ-साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर ईसीयूचे आणि सेन्सरचे सगळेच हिशोब डळमळतात आणि कोड उगाच पडतात. मग डिपस्टिक काढून ऑइल किती आहे, कसं आहे ते बघा. काळं तर सगळंच असतं. बोटांत चिकट गाळ लागतो का आणि शेवटचं ऑइल कधी बदललं याची पावती आहे का, ते महत्त्वाचं. त्यानंतर सेन्सरचा कपलर उघडा. आत ऑइल आलंय का, पिन हिरव्या पडल्यात का, पिनची मादी बाजू सैल झालीय का. दोनदा सेन्सर काढ-घाल झालाय, तेव्हा कपलरचं कुलूप तुटलेलं असण्याची शक्यता मी मोठी धरतो.

मग मीटर. कपलर काढलेला, चावी चालू: एका पिनवर सप्लाय, गाडीप्रमाणे पाच किंवा बारा व्होल्ट, एकावर ग्राउंड, एकावर सिग्नलचं टांगलेलं व्होल्टेज. ग्राउंड तपासताना रोध मोजू नका. कपलर जोडून, मागून पिन घालून, ग्राउंडची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या आत हवं. तसंच जोडलेलं ठेवून सिग्नलवर मीटर धरा आणि दुसऱ्याला क्रँकच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवायला सांगा, फिरण्याच्या नेहमीच्याच दिशेने. दात आला-गेला की मीटर शून्याजवळ आणि पाचाजवळ उड्या मारेल. मधेच दीड-दोन व्होल्टवर लोंबकळत असेल तर ग्राउंड किंवा सेन्सर संशयित. हॉल सेन्सरच्या पिनांवर ओहम मोजून ‘ओपन दाखवतोय, गेला’ असा निकाल देणारे बरेच भेटतात. त्या आकड्याला काही अर्थ नाही, ती मोजणी कॉइलवाल्या सेन्सरची. आणि बल्बचा टेस्टर या वायरींना लावू नका. बल्ब जितका करंट ओढतो तितका या वायरींनी आयुष्यात बघितलेला नसतो.

इथवर सगळं ठीक निघालं, तर स्कोप, म्हणजे सिग्नलचं चित्र पडद्यावर दाखवणारं यंत्र. दोन चॅनल, एकावर क्रँक, एकावर कॅम, इंजिन आयडलवर. गाळलेल्या दातांच्या जागेपासून कॅमच्या सिग्नलची पहिली कड (जिथे तो चढतो किंवा उतरतो ती जागा) किती दातांवर येते ते मोजायचं आणि त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीच्या चित्राशी ताडायचं. एक दात म्हणजे सहा अंश, मोजायला पट्टी चाकावरच कोरलेली आहे. मी गेली काही वर्षं गॅरेजमध्ये आलेल्या धडधाकट गाड्यांचे असे फोटो काढून मॉडेलप्रमाणे ठेवतो. दुरुस्तीच्या पुस्तकापेक्षा ते जास्त वेळा कामी आलेत. तुमच्या गाडीत कॅमची कड एका दाताएवढी किंवा जास्त मागे दिसली आणि तिथेच स्थिर राहिली, तर चेनचं कव्हर उघडायला हरकत नाही. कड पुढे-मागे डोलत असेल, किंवा थंड इंजिनात बरोबर आणि गरम झाल्यावर चुकीची येत असेल, तर आधी सोलेनॉइड काढून जाळी बघा. स्कोप नसेल तर चांगल्या स्कॅनरवर कॅमचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष कोन दिसतो, त्यावरही अंदाज बांधता येतो, फक्त तो ईसीयूच्या डोळ्यांनी बघितलेला असतो.

खबर खोटी असण्याचे प्रकारही सांगायला हवेत, नाहीतर तुम्ही थेट चेन उतरवायला जाल. एक डिझेल गाडी माझ्याकडे आली होती. सपाटीला काही नाही, गगनबावड्याकडे घाट चढायला लागली की दिवा लागून ताकद गायब. दोन ठिकाणी मिळून तिचाही सेन्सर दोनदा बदललेला. कोड होता पी०३४२, म्हणजे सिग्नल सतत खाली. हॉलच्या वायरवर सिग्नल खाली याचा अर्थ कुणीतरी दोर ओढून धरलाय. बॉनेट उघडं ठेवून, हँडब्रेक ओढून, पोराला गिअरमध्ये क्लच थोडा सोडायला सांगितला. जोर आल्यावर इंजिन माउंटिंगवर तिरकं झालं आणि हार्नेस ताणला गेला. त्याखालच्या ब्रॅकेटच्या कडेवर वायरचं कव्हर घासून तांबं उघडं पडलं होतं. घाटात इंजिनाने जोर लावला की ते लोखंडाला टेकायचं. दुरुस्तीला स्लीव्ह, थोडं सोल्डर आणि एक क्लिप. ग्राहकाला बिल इतकं कमी वाटलं की त्याचा विश्वास बसेना. पावसाळ्यात हेच काम उंदीर करतात, आणि तेही फक्त अर्धीच वायर कुरतडतात, म्हणजे शोधताना आपला जीव जावा.

लोकल सेन्सरबद्दल तुमचे गॅरेजवाले बोलले ते अगदीच चुकीचं नाही. दिसायला सारखा, कपलर सारखा, पण आतली चिप कुठल्या पातळीला हो म्हणते ते वेगळं असू शकतं. मग प्रत्येक कड दोन-तीन अंश इकडेतिकडे होते. साध्या इंजिनात ते खपून जातं. जिथे टायमिंग याच कडांवर मोजलं जातं तिथे नाही. बसवताना जुन्या ओ-रिंगवर (सीलच्या रबरी कडीवर) नवी बसवली, किंवा बसण्याच्या जागेवर घाण राहिली, की दातापासूनचं अंतर वाढतं. हे अंतर मिलिमीटरच्या आसपासचं, त्यात अर्धा मिलिमीटर म्हणजे खूप. तुमचे दोन्ही सेन्सर लोकल असतील तर पी०३४१ची थोडी वाटणी त्यांच्याकडेही जाऊ शकते. पण त्यांच्या आधी, मूळ सेन्सर असतानाही सेल्फ लांबत होता आणि कोड येत होता, हे विसरू नका.

चेनचं काम निघालंच तर अर्धवट करू नका: चेन, टेन्शनर, गाइड एकत्र बदला, दोन्ही चाकांचे दात हुकासारखे वाकलेत का बघा, सोलेनॉइडची जाळी धुवा, ऑइल आणि फिल्टर नवे. जुळवून झाल्यावर सेल्फ मारायच्या आधी पान्याने क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या हाताने द्या आणि खुणा परत बघा. कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवरून कॅमची शिकलेली जागा पुसून परत शिकवावी लागते. ते राहिलं तर नव्या चेनवरही दिवा लागू शकतो.

आणि पहिल्या दिवशी काढलेला मूळ सेन्सर गॅरेजवाल्याने फेकला नसेल तर मागून घ्या. मला वाटतं तो चांगलाच आहे. नवी ओ-रिंग टाकून तोच परत बसवा.